खामगावची तार आणि बीकॉमचा कॉम्प्युटर

बीकॉमच्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरचा एक पेपर असतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘डेटा’ आणि ‘इन्फर्मेशन’ यांतला फरक दिलेला असतो. मग इनपुट, प्रोसेस, आउटपुटची चौकट येते. त्यानंतर संगणकाच्या पिढ्या : व्हॅक्युम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी. विद्यार्थी हे सगळं इंग्रजीत पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि पेपर सुटला की पुस्तक रद्दीत जातं. उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींना तर हा विषय दुसऱ्याच्या घरचा वाटतो. त्यात चार्ल्स बॅबेज असतो, अमेरिकेचा एनिॲक असतो. आपल्या ओळखीचं काहीच नसतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाचं उदाहरण घेऊ. हे गाव खामगाव तालुक्यात येतं. इथला विद्यार्थी कॉलेजसाठी खामगावला गेला तर तिथे कॉम्प्युटरचा हा पेपर शिकतो. पण याच खामगावात दीडशे वर्षांपूर्वी माहिती तंत्रज्ञानाने व्यापार कसा उलथापालथ होतो, याचा धडा प्रत्यक्ष घडून गेला होता, हे त्याला कुणी सांगत नाही. तो इतिहास कळला तर हा पेपर पाठांतराचा राहत नाही. कारण यंत्रं बदलत गेली तरी या विषयाच्या मुळाशी दोनच सवाल आहेत. भाव आधी कुणाला कळतो? आणि नोंद कुणाच्या हातात असते?

रोजकीर्द ते ताळेबंद

सुरुवात शब्दांपासून करू. जमा, खर्च, हिशेब, रक्कम, बाकी, वसूल, तारीख, नक्कल, दप्तर. मराठी माणूस रोज वापरतो ते हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. कारकून हा फारसी शब्द. फडणीस म्हणजे मूळचा ‘फर्दनवीस’, फर्द लिहिणारा. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा. आज ही आडनावं झाली आहेत, पण एकेकाळी ती कामं होती. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा एन्ट्री आणि रेकॉर्ड सांभाळण्याची कामं. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. दुकानात हिशेबच होत राहिला आणि बाकी बाकीच राहिली. दख्खनमध्ये हिंदू आणि मुसलमान यांनी मिळून जी कारभाराची भाषा घडवली, तिची ही खूण आहे.

आता पुस्तकातली ती चौकट या शब्दांनी वाचून पाहा. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार जसा झाला तसा रोजकीर्दीत लिहिला, तो डेटा. तो ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत चढवला, ती प्रोसेस. वर्षाअखेरीस ताळेबंद काढला आणि दुकान फायद्यात आहे की बुडतंय हे समजलं, ती इन्फर्मेशन. संगणकाने यात नवं तत्त्व आणलं नाही. वेग आणला, चुका कमी केल्या आणि एकच नोंद हजार ठिकाणी एकाच वेळी दिसेल अशी सोय केली.

संगणक ज्या पद्धतीने पायरी-पायरीने गणित सोडवतो, तिला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. हिंदुस्थानी अंकांनी गणित कसं करायचं हे त्यांनी लिहून ठेवलं आणि पुढे ते युरोपात पोहोचलं. बीजगणितावरच्या त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर आहे. व्यापार आणि जमीन मोजणीची उदाहरणंही त्यात आहेत. म्हणजे ज्याला आपण शुद्ध गणित समजतो, ते दुकान, शेत आणि घरातली वाटणी यांच्या गरजेतून पुढे आलं.

नोंदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकराहमधली २८२वी आहे. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार कोण असावेत, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नये, हे सगळं त्यात येतं. त्यातली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी तरतूद अशी की, कागदाचा मजकूर ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने सांगायचा. पैसे देणारा ताकदवान असतो, म्हणून नोंदीची किल्ली एकट्या त्याच्याकडे राहू नये, असा विचार यामागे दिसतो. वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या सावकारीत मात्र उलटं घडत आलं. सावकार लिहायचा आणि शेतकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, अंगठा द्यायचा.

१८७० : एक रेल्वे, एक तार

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. इथल्या काळ्या मातीतल्या कापसावर इंग्रजांचा डोळा होताच. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून दूर उत्तरेत मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस, धूळ, चोर आणि जकाती असायच्या. तिकडचा भाव इकडे कळायला आठवडे लागायचे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या काळातले सर्वांत मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच आईच्या नावाने उभा आहे. त्यांच्याबद्दल असं सांगितलं जातं की, लिव्हरपूलचे भाव घेऊन येणारं जहाज बंदराला लागण्याआधीच त्यांची माणसं छोट्या होड्यांतून जहाजावर पोहोचायची. बाकीच्या व्यापाऱ्यांना भाव कळेपर्यंत त्यांचे सौदे झालेले असायचे. कथेत थोडं मीठ-मसाला असेल, पण तत्त्व खरं आहे. इतरांच्या काही तास आधी कळलेला भाव हाच नफा. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर भाव कोसळले, तेव्हा कंपन्या आणि बँका बुडाल्या. खुद्द प्रेमचंदही बुडाले.

मात्र कापसाची वाट आता पक्की झाली होती. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाववरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव ही वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूस बाजारपेठ, पण ती मुख्य मार्गापासून बाजूला पडली होती. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत छोटा फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. हिंदुस्थानचा सर्वांत मोठा अधिकारी जेमतेम तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी येतो, यावरून कापसाचं वजन कळतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा स्वतंत्र कमिशनरही नेमलेला होता. रिव्हेट-कार्नाक त्याचं नाव.

त्याच १८७० साली मुंबईपासून सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राखालची तार जोडली गेली. १८६५ पासून इराणच्या आखातातून आणि पुढे जमिनीवरून जाणारी तार होती, पण तिच्यावर संदेश अडकायचे, त्यातले शब्द बदलायचे. समुद्री तारेने लिव्हरपूलचा भाव मुंबईत काही तासांत येऊ लागला. खामगावला तारेची सोय होतीच. आधी जो भाव टपालाच्या बोटीने महिन्याभराने कळायचा, तो आता वऱ्हाडातल्या बाजारात ताजा मिळू लागला. स्वित्झर्लंडच्या व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या पेढ्या वऱ्हाडात उतरल्या. त्यांचे एजंट तार हातात धरून सौदे करू लागले.

इथे पिंपळगाव राजाचा कापूसवाला कुठे होता? तो बैलगाडी जुंपून खामगावला यायचा. कापूस गाडीतून उतरण्याआधीच त्याचा भाव सात समुद्रांपलीकडे ठरलेला असायचा. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तो भाव माहीत होता, त्याला नव्हता. शिवाय बऱ्याचदा पीक शेतात उभं असतानाच उचल घेतलेली असायची. म्हणजे भाव कळला असता तरी नाही म्हणायची मोकळीक नव्हती. तारेमुळे मधले दलाल कमी होतील आणि शेतकऱ्याला थेट भाव मिळेल, अशी आशा काही इंग्रज अधिकाऱ्यांना होती. तार आली, दलाल मात्र राहिले. नुसती माहिती गावात पोहोचणं पुरेसं नसतं. ती वाचता यावी लागते आणि तिच्यावर निर्णय घेण्याइतका माणूस मोकळा असावा लागतो.

१८९९-१९०० च्या दुष्काळात याचं सर्वांत कडू रूप दिसलं. वऱ्हाडात रेल्वे होती, तार होती, सगळीकडच्या धान्याचे भाव कळत होते. तरीही हजारो माणसं मेली. ज्याच्या खिशात पैसा नव्हता, त्याच्यासाठी त्या तारेत काहीच नव्हतं.

शब्दाला पैसे

कॉम्प्युटरच्या पुस्तकात ‘डेटा कॉम्प्रेशन’ आणि ‘एन्क्रिप्शन’ असे दोन धडे असतात. विद्यार्थ्यांना ते अवघड जातात. कापसाच्या व्यापाऱ्यांना ते त्या काळीच येत होते.

परदेशी तारेचे पैसे शब्दागणिक पडायचे आणि दर जबर असायचा. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश वापरायला सुरुवात केली. ‘अमुक दर्जाच्या इतक्या गाठी, अमुक महिन्याच्या आत, अमुक भावाने घ्या’ एवढ्या लांब वाक्यासाठी एकच शब्द ठरलेला असायचा. लंडनमध्ये असे छापील कोश विकत मिळायचे आणि मोठ्या पेढ्या स्वतःचे खासगी कोशही करायच्या. याने दोन कामं व्हायची. पैसे वाचायचे, हे कॉम्प्रेशन. आणि तार वाचणाऱ्या बाबूला किंवा शेजारच्या पेढीला त्यातलं काही कळायचं नाही, हे एन्क्रिप्शन. आज तुमच्या फोनवर व्हॉट्सॲपचा मेसेज जातो तेव्हा हीच दोन कामं यंत्र स्वतः करतं.

बाजारातही गुपित राखायची देशी तऱ्हा होती. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात घालायचे आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. याला हत्ता म्हणत. ज्याचा माल विकला जातोय तो शेतकरी तिथेच उभा असायचा, पण रुमालाखाली काय ठरलं ते त्याला दिसायचं नाही.

आकडा

माहितीची ही ओढ पुढे वाकड्या वाटेनेही गेली. वऱ्हाडात ‘आकडा’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याचं मूळही कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. त्या भावांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं बंद झालं. मग माठातून चिठ्ठ्या काढायची पद्धत आली आणि ‘मटका’ हे नाव पडलं. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं त्यातूनच घरोघर पोहोचली.

कापूस पिकवणाऱ्या मुलखातली माणसं, ज्यांना स्वतःच्या कापसाचा खरा भाव कधी कळला नाही, ती परक्या शहरातल्या कापसाच्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर मजुरी लावत राहिली. माहितीचा अर्थ कळला नाही आणि नुसता आकडा हातात आला तर काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण शोधून सापडायचं नाही. आज मोबाइलवर शेअर बाजाराचे हिरवे-लाल आकडे बघून कर्जाच्या पैशाने सौदे करणाऱ्या तरुणांनी हा इतिहास जरूर वाचावा. तंत्रज्ञान नवं असेल, पण नाद जुनाच आहे.

वह्या का जळाल्या?

आता दुसरा सवाल : नोंद कुणाच्या हातात?

कापसाचा फुगा फुटल्यावर दहा वर्षांत, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. त्यात लक्षात राहण्यासारखं हे की, लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रं ओढून आणून जाळण्यात आली. शिक्षण न झालेल्या त्या शेतकऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. आपली जमीन शेतात नसून त्या कागदात आहे, आणि तो कागद आपल्याला वाचता येत नाही.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात खेड्यांसाठी निबंधक नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याचा कर्जाचा कागद त्याच्यासमोर व्हावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे नोंद एका पक्षाच्या वहीतून बाहेर काढून तिसऱ्याच्या समोर आणणं. आजच्या पुस्तकात याला ‘डेटा इंटिग्रिटी’ म्हणतात.

भावाच्या बाबतीतही असंच पाऊल पडलं, आणि तेही वऱ्हाडातच. कारंजा (लाड) इथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला. अडत्या, दलाल, मापारी यांना परवाने आले, वजन-मापावर देखरेख आली. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर असे नियंत्रित बाजार वाढवा अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा १९६३चा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा याच परंपरेतला आहे. रुमालाखालचा भाव उघड लिलावात आणायचा, हा या सगळ्या कायद्यांचा गाभा आहे. बाजार समित्यांत पुढे काय राजकारण शिरलं ते आपण जाणतोच. पण भाव सगळ्यांसमोर बोलला जावा, हा हक्क आधी मिळवावा लागला होता, हेही विसरता कामा नये.

शेजारच्या अमळनेरची गोष्ट

बुलढाण्याला लागून जळगाव जिल्हा आहे. त्यातलं अमळनेर साने गुरुजींच्या शाळेमुळे आपल्याला माहीत आहे. याच गावात १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली. खान्देशातल्या तेलबियांवर वनस्पती तूप बनवणं हा धंदा. १९६६ मध्ये त्यांचं अचानक निधन झालं. अमेरिकेत शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम परत आला आणि त्याने तूप-साबणाचा कारखाना हाती घेतला.

१९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. परकीय कंपन्यांनी भांडवलातला आपला वाटा कमी करावा ही सरकारची अट तिला मान्य नव्हती. बाजारात पोकळी झाली. वनस्पती तुपाच्या या कंपनीने ती ओळखली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संगणक बनवायला घेतले. कंपनीच्या लांब नावाचं तोवर छोटं रूप झालं होतं, विप्रो. अमळनेरमधल्या ज्या कुटुंबांनी जुने शेअर जपून ठेवले, त्यांचं पुढे काय झालं, हे खान्देशात आजही कौतुकाने सांगितलं जातं.

ही गोष्ट ‘आपला माणूस मोठा झाला’ एवढ्यापुरती सांगून उपयोग नाही. तिच्यातून शिकण्यासारखं दुसरंच आहे. प्रेमजींच्या हातात आलेला धंदा तेलाचा होता. संगणकाकडे ते वळले ते बाजार वाचून. यंत्र कसं उघडायचं हे सांगणारे पुष्कळ मिळतात, पण धंद्याला कशाची गरज आहे हे ओळखणारा लागतो. कॉमर्सच्या विद्यार्थ्याची जागा नेमकी तिथे आहे.

याला आणखी दोन पुरावे आहेत. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटची कल्पना पुढे आणणारे डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवसाय व्यवस्थापन शिकत होते. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. हा त्रास त्यांनी पाहिला. त्यातून बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आणलं. दुसरा पुरावा आपल्याकडचा. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. त्याचे हिशेब सांभाळायला चांगलं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत याने ते तयार केलं. १९८६ मध्ये त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचं उत्पादन म्हणजे आजचं टॅली. दोन्ही शोध हिशेबाच्या कटकटीतून जन्मले आहेत.

हातगाडीवरचा स्कॅनर

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात उघडले. मराठी मुलांच्या एका पिढीने पहिल्यांदा माऊस हातात धरला तो तिथे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सर्टिफिकेट नोकरीच्या अर्जाला जोडण्यापुरतं राहिलं आणि ‘मला कॉम्प्युटर येतो’ याचा अर्थ ‘मला टायपिंग येतं’ एवढाच उरला.

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. २०१६ मध्ये यूपीआय आलं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. आज खेड्यातल्या बाजारातही केळीच्या गाडीवर, मटणाच्या दुकानात, शिलाई मशीनशेजारी स्कॅनरचा चौकोन चिकटवलेला दिसतो. प्रत्येक ‘टिंग’ आवाजाबरोबर एक नोंद होते : कुणी, किती वाजता, किती रुपये दिले. ही रोजकीर्दच आहे. फरक इतकाच की ती दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी नसून बँकेच्या आणि कंपनीच्या सर्व्हरवर आहे. त्याला कर्ज द्यायचं की नाही, किती व्याजाने द्यायचं, हे त्या नोंदींवरून ठरू लागलं आहे. दुकानदाराने मात्र स्वतःचा ताळेबंद कधी पाहिलेला नसतो. १८७० मध्ये खामगावच्या बाजारात गाडी घेऊन उभा असलेला कापूसवाला आणि हा दुकानदार यांच्यात फार अंतर आहे, असं मला वाटत नाही. समोरच्याला आपल्याबद्दल जास्त माहीत आहे, आपल्यालाच नाही.

मुस्लिम समाजासाठी हा मुद्दा जास्तच जवळचा आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की, देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे जेमतेम एक मुस्लिम आहे. त्याच अहवालाने हेही नोंदवलं की, मुस्लिमांमध्ये नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांहून अधिक आहे. गॅरेज, फळं, कापड, भंगार, वेल्डिंग, बेकरी. ही दोन्ही निरीक्षणं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. ज्या समाजात धंदा घरोघर आहे आणि त्या धंद्याची नोंद वाचणारे पदवीधर कमी आहेत, त्या समाजात बीकॉमचा हा पेपर ‘सोडवून टाकायचा’ विषय कसा असू शकतो? हेच आपल्या शेतकरी, माळी, कुणबी, बंजारा, बौद्ध घरांतल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनाही लागू पडतं. ही काही एकट्या समाजाची अडचण नाही.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. पहिल्या सत्रात एक काम द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या किंवा शेजारच्या एका दुकानाचा, नाहीतर शेताचा, एका महिन्याचा हिशेब घ्यायचा. मालकाची परवानगी घेऊन, नाव न लिहिता. उभे रकाने : तारीख, काय आलं, काय गेलं, रोख की उधार, ऑनलाइन की हातात. तो स्प्रेडशीटमध्ये भरायचा. मग तीन प्रश्नांची उत्तरं काढायची. उधारी किती दिवसांनी वसूल होते? कुठल्या मालावर नफा दिसतो पण उरत नाही? आणि ही नोंद या क्षणी आणखी कुणाकुणाकडे आहे? पहिल्या दोन उत्तरांत डेटा, प्रोसेस, इन्फर्मेशन सगळं येतं. तिसऱ्या उत्तरासाठी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचावा लागेल. तो वाचायला लावा. भाषेची अडचण असेल तर उत्तरं मराठीत लिहू द्या, उर्दूत लिहू द्या. हिशेबाचे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत.

यात मुलींना मागे ठेवू नका. घरखर्चाचा, बचत गटाचा, भिशीचा हिशेब बऱ्याच घरांत त्याच ठेवतात. त्यांच्या वहीत किती डेटा पडून आहे, हे एकदा उघडून बघितलं की कळेल.

आपल्या आजा-पणजांना भाव दुसऱ्याने सांगितला आणि नोंद दुसऱ्याने लिहिली. त्यात त्यांचा दोष नव्हता. तार त्यांच्या भाषेत नव्हती आणि वही त्यांच्या हातात नव्हती. आज दोन्ही गोष्टी आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहेत. आता त्या वाचायच्या की नाहीत, एवढंच ठरवायचं उरलं आहे.